दहा नंबरची पिन

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या दहाव्या दिवशी सकाळी मला कंपनीतून फोन आला. मी उदगीरला होते. आईला उशीला टेकवून बसवलं होतं आणि मऊ खिचडी भरवत होते. फोन आमच्या क्वालिटीच्या साहेबांचा होता.

"मॅडम, आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सीएमएम बंद पडलंय."

मी चाकणजवळ, निघोज्याच्या हद्दीतल्या एका कंपनीत नोकरी करते. गाड्यांच्या इंजिनात लागणारे भाग तिथे बनतात. ते मापात आहेत की नाहीत हे तपासणारी स्टँडर्ड रूम माझ्याकडे आहे. खोलीला खिडकी नाही. लागोपाठ दोन दारं आहेत, एक पुरतं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि आत बारा महिने वीस डिग्री. मे महिन्यात बाहेर शेडचे पत्रे तापतात तेव्हा मी आत स्वेटर घालून बसलेली असते. खोलीच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटचा टेबल, त्यावर मागेपुढे सरकणारा पूल, आणि पुलाखाली सुईच्या टोकाला बसवलेला लाल खडा. तो खडा जॉबला, म्हणजे तपासायच्या भागाला, हलकेच शिवला की कॉम्प्युटरवर माप उमटतं. ह्यालाच आम्ही सीएमएम म्हणतो.

मशीन ठणठणीत आहे. अडचण आहे ती कॉम्प्युटरची. मशीन ज्या कार्डामार्फत कॉम्प्युटरशी बोलतं ते कार्ड एका लांब काळ्या स्लॉटमध्ये बसतं, आणि तसा स्लॉट असलेले कॉम्प्युटर बनायचे बंद होऊन जमाना झाला. मशीन बनवणारी परदेशातली कंपनीही मिटली. म्हणून आमच्या खोलीत अजूनही पिवळ्या पडलेल्या एका डब्यात अठ्ठ्याण्णव सालची विंडोज चालते. नवीन कंट्रोलर बसवायची फाइल दर वर्षी वर जाते आणि 'पुढच्या वर्षी बघू' असा शेरा घेऊन खाली येते. आमच्या आयटीच्या मुलांना तो डबा दाखवला तर ती आपल्या शाळेचा जुना फोटो बघितल्यासारखी हसतात आणि निघून जातात.

पुढचं समजण्यासाठी एवढं सांगायला हवं. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक नंबर लागतो. असे नंबर सगळे मिळून सोळा, आणि त्यातले बरेच घड्याळ, कीबोर्ड, डिस्क यांनी आधीच घेतलेले. नंतरच्या काळातली कार्डं कॉम्प्युटर देईल तो नंबर घेतात. आमचं कार्ड त्याआधीचं. त्याचा नंबर त्याच्या अंगावरच्या पिनांवरून ठरतो. हव्या त्या नंबरच्या दोन पिनांवर काळी टोपी बसवायची, झालं. विंडोजला ते कार्ड आहे हेसुद्धा कळत नाही, आपल्याला सांगावं लागतं. आधी कॉम्प्युटर सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, शिरून हा नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवायचा. मग विंडोजमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक'वरची खूण काढायची आणि तोच नंबर हाताने टाकायचा. यातलं काही चुकलं तर मशीन मुकं होतं.

बायोसमधलं हे राखीव नंबरांचं सगळं एका बटणाएवढ्या सेलच्या जोरावर लक्षात राहतं. सेल संपला की सगळं पुसलं जातं. मी रजेवर गेले आणि सातव्या दिवशी तो सेल संपला.

"सेल बदलला," साहेब सांगत होते. "तुमच्या कागदात लिहिलंय तसंच्या तसं केलं. पाच नंबर जुन्या कार्डाला राखून ठेवला, विंडोजमध्येही पाच टाकला. चार वेळा केलं. मशीन उत्तरच देत नाही. आणि परवा कस्टमरची माणसं ऑडिटला येतायत."

कागदावर पाच लिहिलेलं होतं. कार्डावरची टोपी दहावर होती. हे मला ठाऊक होतं, कारण ती टोपी मीच सरकवलेली होती.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी त्या कॉम्प्युटरला लेबल छापायचा दुसरा प्रिंटर जोडायचा होता. त्यासाठी जास्तीचं पोर्ट बसवलं, आणि त्या पोर्टाला नेमका पाच नंबरच लागत होता. दोघांनी एकच नंबर मागितला की दोघंही अडतात. मी दोन दिवस डोकं लावलं, मग डबा उघडून आमच्या कार्डावरची टोपी पाचावरून दहावर नेली. दोन्ही चालू झालं. कागदात पाचाचं दहा करायला हवं होतं. पण तो साहेबांच्या सहीचा, शिक्का मारलेला कागद. एक आकडा बदलायला वेगळा फॉर्म, वेगळी सही. आठवड्याभराने करू म्हटलं. ते खरंच विसरणं होतं, एवढं मी आजही स्वतःच्या बाजूने सांगू शकते.

मग लॉकडाऊन आलं. कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हा माणसं कमी करायची यादी निघाली. आमच्या खोलीत इन्स्पेक्टर म्हणून आम्ही तिघी होतो. मी डिप्लोमा करून लग्नानंतर मराठवाड्यातून आलेली, बाकीच्या दोघी माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या. त्या दोघी गेल्या. मी राहिले. का राहिले ते मला मीटिंगमधून बाहेर पडलेल्या एकाच्या तोंडून कळलं. कुणीतरी म्हणालं होतं, "ह्यांना नका हलवू. ते म्हातारं मशीन ह्यांचंच ऐकतं."

त्या दिवशी मी कागद काढला होता दुरुस्तीसाठी. तो तसाच प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये परत सरकवला. त्यानंतर मी विसरले नव्हते. त्यानंतर मी लपवत होते.

सुरुवातीला त्यात सुख होतं. मोशीला आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. नवरा आकुर्डीच्या कारखान्यात, त्याच्या शिफ्ट बदलत्या. माझी नोकरी पक्की आहे या एका गोष्टीवर आमच्या घरातली बाकीची गणितं उभी होती. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की मी खोलीत बसले नसून खोली माझ्यावर बसली आहे. दोन दिवसांपेक्षा मोठी रजा मागितली की साहेब हसून म्हणायचे, "आणि मशीन रुसलं तर?" नव्या प्लांटमध्ये सप्लायरांकडे जाऊन तपासणी करायचं काम निघालं. मला ते फार करायचं होतं. चार ठिकाणं हिंडायची, माणसांशी बोलायचं, उन्हात उभं राहायचं. मी अर्ज दिला. साहेबांनी तो माझ्यासमोर वाचला आणि कौतुकाने परत केला. "तुमच्याशिवाय इथलं कोण बघणार, मॅडम?" अर्ज घडी करून मी पर्समध्ये ठेवला. नवरा म्हणायचा, "शिकव की कुणाला तरी." मी म्हणायचे, "शिकवलंय. कुणाला जमत नाही." त्याच्याशीही मी खोटंच बोलत होते.

तर उदगीरला, हातात खिचडीची वाटी घेऊन, मला फोनवर फक्त दोन शब्द बोलायचे होते. दहा टाका. एवढं बोलून मी आईला पुढचा घास भरवू शकले असते. पण पुढचा प्रश्न आला असता, की कागदावर पाच कसं? आणि त्याच्याही पुढचा प्रश्न, की इतकी वर्षं?

"साहेब," मी म्हटलं, "ते असं फोनवर नाही सांगता येणार. बघावं लागेल."

"मला माहीत होतं तुम्ही येणार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "तुम्ही बसने हडपसरपर्यंत या. तिथे कंपनीची गाडी उभी करतो."

आई बघत होती. मी खोलीबाहेर गेले नव्हते, सगळं तिच्यासमोरच बोलले होते.

"बोलवलालेत व्हय?" तिने विचारलं.

"दोन दिवसांचं काम आहे. लगेच परत येते."

"परवा टाके काढायचेत."

"शेजारच्या मावशींना सांगून जाते. त्या नेतील रिक्षाने."

आईने चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच खायला लागली. "जा बाई," ती म्हणाली. "तुझ्याबिगर अडतंय म्हणल्यावर जायाच पायजे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. अभिमान होता. तो ऐकताना मला वाटी खाली ठेवून पळून जावंसं वाटलं, आणि मी अगदी तेच केलं.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. बार्शी गेलं, टेंभुर्णी गेलं. प्रत्येक गावाला मी मनाशी म्हणत होते, अजूनही फोन करता येईल. दहा टाका म्हणायचं आणि पुढच्या स्टँडवर उतरून उलटी बस धरायची. भिगवणपर्यंत मी हे म्हणत होते. त्यानंतर म्हणणं सोडून दिलं, कारण आता परत फिरले असते तर ते आणखी विचित्र दिसलं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला पुढे पुढे किती थोड्या वाटा राहतात हे मला त्या बसमध्ये कळलं. हडपसरला कंपनीची गाडी उभी होती. ड्रायव्हरने माझी पिशवी स्वतः उचलली, एसी लावला, पाण्याची बाटली दिली. नाशिक फाट्याच्या पुढे गाडी ट्रकांच्या रांगेत तासभर अडकली तेव्हा साहेबांचे तीन फोन आले. मी मागच्या सीटवर बसून प्रत्येकाला "पोचतेच" म्हणत होते.

दोन्ही दारं ओलांडून आत गेले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दुसरी शिफ्ट चालू होती. साहेब होते, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होता, आणि मशीनवर काम करणारे आमचे मामा होते. मामा निघोज्याचेच. मशीन आलं तेव्हापासून त्यावर जॉब लावायचं काम तेच करतात. साठीला टेकलेले, कमी बोलणारे. कंपनीत सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मी डबा उघडायचं नाटक केलं. टॉर्चने आत बघितलं, वायरी हलवल्या. मग बायोसमध्ये गेले, पाच मोकळा केला, दहा जुन्या कार्डाला राखून ठेवला. विंडोज सुरू झाली. आकडा टाकताना अंगाने स्क्रीन झाकला. 'कॉन्फ्लिक्ट नाही' असं खाली उमटलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि पूल सावकाश आपल्या जागी सरकला.

वीस मिनिटं लागली. साहेबांनी टाळी वाजवली नाही एवढंच. "म्हटलं नव्हतं?" ते इलेक्ट्रिशियनला म्हणाले. "मॅडमचा हात लागल्याशिवाय ते हलत नाही." दोघं चहा सांगायला बाहेर गेले.

मामांनी माप जुळवायची मास्टर रिंग टेबलावर ठेवली. मशीनने ती मोजायला सुरुवात केली. ते तिच्याकडेच बघत म्हणाले, "दहाच टाकलं न्हवं?"

मी वळून बघितलं. "तुम्हाला काय माहीत?"

"तुमी टोपी सरकवली तवा टॉर्च मीच धरली व्हती की. पाचावरनं दहावर."

मला ते आठवलंच नव्हतं. त्या दिवशी मी पिनांकडे बघत होते, टॉर्च धरणाऱ्या हाताकडे नाही. इतकी वर्षं मी जे कुलूप लावून बसले होते, त्याची दुसरी किल्ली त्याच खोलीत, माझ्यापासून चार फुटांवर, रोज उभी होती.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"मला कोन इचारतंय?" ते साधेपणाने म्हणाले. "साहेब, इलेक्ट्रिशन, आयटीची पोरं, समदे यून गेले. मला म्हनले, मामा जरा बाजूला व्हा."

"तरीपण, मामा."

"आन् सांगितलं असतं, तर पयला सवाल आला असता, कागदावर पाच का? मंग ते तुमच्यावर गेलं असतं. म्हनलं ताई फोनवर सांगतीलच. तुमी न्हाई सांगितलं. तवा म्हनलं, आसंल कायतरी कारन." रिंगचं माप बरोबर आलं होतं. त्यांनी ती उचलली आणि पुसून डबीत ठेवली. मग विचारलं, "आईची तब्येत कशी हाय?"

मी स्टुलावर बसले. चहा आला तो तसाच गार झाला. मामांनी पुढचे जॉब लावले, आणि मी असेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदाची नवी प्रत काढली. पाचाच्या जागी दहा लिहिलं, टोपी कुठे आहे त्याचा फोटो जोडला आणि जुन्या कागदासकट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, कागद चुकीचा होता. नंबर मी बदलला होता, प्रिंटर बसवला तेव्हा. लिहिला नाही."

त्यांनी कागद बघितला. "राहून गेलं असेल," ते म्हणाले.

"आधी राहून गेलं. नंतर मी मुद्दाम ठेवलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काल फोनवर तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ते रागावतील याची मी वाट बघत होते. मेमो, चौकशी, काहीतरी. खरं म्हणजे मला ते हवंच होतं. पण साहेबांची नजर जुन्या कागदाच्या तळाशी गेली होती. जुन्या कागदावर 'तपासले' या शब्दासमोर त्यांची सही होती, आणि दर वर्षी 'पुन्हा तपासले' म्हणून नवीन सही. त्यांनी कधीच तपासलं नव्हतं. उद्या ऑडिट होतं.

"हे कुणाजवळ बोललात?"

"नाही," मी म्हटलं. मामांचं नाव मी घेतलं नाही.

"बोलू नका." त्यांनी नव्या कागदावर सही केली आणि जुना ड्रॉवरमध्ये ठेवला. "मॅडम, आपण दोघंही यात आहोत. तुमच्या लक्षात येतंय ना?"

माझ्या चांगलंच लक्षात आलं. काल मी एकटी कोंडलेली होते, आज आम्ही दोघं होतो, आणि दार त्यांच्या बाजूनेही बंद झालं होतं. ऑडिट नीट पार पडलं. मशीनसमोर उभं राहून मी पाहुण्यांना मापं दाखवली. त्याच वेळी उदगीरला मावशी आईला रिक्षात घालून टाके काढायला घेऊन गेल्या. जाताना रस्त्याच्या खड्ड्यांनी आईला फार त्रास झाला, हे मला नंतर मावशींनी सांगितलं. आईने सांगितलं नाही.

त्यानंतर मी मामांना बसवून सगळं रीतसर शिकवलं. बायोसमध्ये कधी शिरायचं, कुठली ओळ बदलायची, विंडोजमध्ये खूण कुठली काढायची. त्यांना फार शिकवावं लागलं नाही. बघून बघून त्यांना निम्मं येतच होतं, इंग्रजी शब्द तेवढे ते चित्रासारखे ओळखायचे. पावसाळ्यात एकदा रविवारी वीज गेली, कॉम्प्युटर बिघडला आणि विंडोज आत टाकलेलं सगळं विसरली. मला सोमवारी कळलं. मामांनी तासाभरात चालू करून दिलं होतं. रविवारी मी घरी धुणं वाळत घालत होते, आणि फोन वाजला नव्हता. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मला त्या दिवशी दिवसभर जेवण गेलं नाही.

नव्या प्लांटच्या कामासाठी मी पुन्हा अर्ज दिला. या वेळी साहेबांनी मशीनचं कारण सांगितलं नाही. कुठलंच सांगितलं नाही. अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. मला वाटतं, मी त्यांच्या नजरेसमोर असलेलीच त्यांना बरी वाटते. मी भांडू शकत नाही, आणि ते मला काढू शकत नाहीत. भेटलो की आम्ही एकमेकांना फार आदराने नमस्कार करतो.

आता मला रजा मिळते. महिन्यातून एकदा, कधी चार दिवस, कधी पाच. आई वॉकर घेऊन चालते, उजवा पाय थोडा ओढते. मागच्या खेपेला तिच्या पायाला तेल लावत होते तेव्हा मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, "आई, त्या वेळी मला जायची गरज नव्हती. फोनवर सांगितलं असतं तरी झालं असतं."

"मग का गेलीस?"

मी पिना, टोपी, कागद, नोकरी, जमेल तसं सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "राहून तरी काय केलं असतंस? मी तर पडूनच होते." मग पाय सरळ करून म्हणाली, "टाके काढले त्या दिवशी मी दवाखान्यातल्या बायांना सांगितलं, लेकीबिगर तिकडं मशीन चालत न्हाई म्हणून. समद्या म्हणाल्या, नशीब काढलंस."

ती असं का म्हणाली ते मी विचारलं नाही. मला सोडवायला म्हणाली असेल, किंवा तिला अजून तेच खरं वाटत असेल. तेल संपलं होतं. मी उठून बाटली आणायला आत गेले, तेव्हा बाहेरून तिने विचारलं, मी आले की दर वेळी पहिल्याच दिवशी विचारते तसं, "परत कधी निघायचंय?"

"शुक्रवारी," मी म्हटलं.

"फोन आला म्हणून गुरुवारी न्हाई ना?"

"नाही. शुक्रवारी."